हंगाम संपला, आता रविवारचं काय

सांगली
गुढीपाडवा, 9 एप्रिल 2024

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

आज आपली गुढी उभी राहायला साडेनऊ वाजले. आईने सातलाच कडुलिंब, साखरेची माळ, तांब्या सगळं काढून ठेवलं होतं, पण मी मोबाईलवर तुमच्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल फायनलचा स्कोअर बघत बसलो होतो. हाफटाइमला 36-30. सहाच पॉइंट मागे आहेत म्हणून काठी धुवायला घेतली. पुसून होईपर्यंत कनेक्टिकटवाले लांब निघून गेले होते. शेवटी 75-60. आजीचं म्हणणं, सोमवती अमावस्या आणि वर ग्रहण, असल्या दिवशी फायनल ठेवायचीच कशाला. ग्रहण इथं दिसलं नाही म्हटलं तर म्हणाली, तिथं दिसलं ना.

मग तुला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होत आली होती. उचलला नाहीस. परत लावला. आई म्हणाली, हरलेत, मित्रांत असेल. फोनबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. एवढं लिहून झालं, आता पुढे नाही.

पल्लवीने परवा सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. पीएचडीच्या क्वालिफायर परीक्षेत राहिल्याचं तुला फेब्रुवारीतच कळलं होतं म्हणे. म्हणजे फेब्रुवारी, मार्च, दोन महिने तू दर रविवारी माझ्याशी बोललास आणि एकदाही विषय काढला नाहीस. बोललास ते सगळं बास्केटबॉलचं. आज तुमच्या टीमच्या त्या उंच झॅक ईडीने किती पॉइंट टाकले, ब्रॅडन स्मिथने पास कसा दिला, तुमच्या स्टेडियममध्ये, मॅकी अरेनात, आवाज एवढा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. आणि मी इकडे आईला सांगायचो, पोरगं रमलंय.

खरं सांगू, मलाही बरं वाटायचं. कारखान्यात तो मॅकीचा व्हिडिओ सगळ्या शिफ्टला दाखवला. आमच्या बॉयलर हाउसमध्ये तुमच्या टीमचं नाव ऐकून लोक हसले होते. बॉयलरमेकर्स! मी म्हटलं, बघा, अमेरिकेत बॉयलरवाल्यांच्या नावाने पोरं ओरडतात, इथं आपल्याला जादा पाळीचा चहा मिळत नाही. तुमचा सीझन नोव्हेंबरला सुरू होतो, आमचं गाळपही तेव्हाच. आपल्या कारखान्याचा हंगाम संपून पट्टा गेल्या महिन्यात पडला, तुमचा आज पडला.

गेल्या वर्षीचा 17 मार्च आठवतो? तू जाऊन सात-आठच महिने झाले होते. पहिल्या मानांकनाचे तुम्ही, सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून 63-58 ने हरलात. सात फूट चार इंचाचा ईडी तुमच्याकडे, आणि त्यांचा संघ सगळ्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या वरच्या गटात, उंचीने सगळ्यात कमी. असं मुलांच्या स्पर्धेत त्याआधी एकदाच घडलं होतं, 2018 मध्ये व्हर्जिनियाचं. तू फोनवर रडवेला झाला होतास आणि मी म्हणालो, हरले तर हरले, तुझ्या अभ्यासाचं बघ. हे मी बोललो होतो ते मला आत्ता लिहिताना आठवलं.

त्यानंतरचं वर्ष मला जास्त आवडलं. ईडी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, नाव देऊन परत फिरला. कोच पेंटर तोच, पोरंही बरीचशी तीच, आणि जाईल त्या गावात लोक त्यांना त्या सोळाव्यावरून डिवचणार हे माहीत असून खेळली. टेनेसीविरुद्ध ईडीचे 40 पॉइंट, 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांत. हा पोरगा टोरांटोचा, लहानपणी बेसबॉल आणि आइस हॉकी खेळायचा, बास्केटबॉलला उशिरा लागला, हे तूच मला सांगितलंस. आज फायनलमध्येही त्याने 37 टाकले. साठातले सदतीस! माझं मत विचारशील तर कनेक्टिकटने त्याला टाकू दिलं आणि बाकीच्यांना बांधून ठेवलं. थ्री-पॉइंटरचे सातच प्रयत्न आणि आत एक. एकट्याने किती ओढायचं माणसाने. बाजूच्यांना बॉल द्यावा लागतो, सांगावं लागतं की मी अडकलोय.

झालं, सुरू झालं माझं भाषण. आई मागून वाचतेय आणि म्हणतेय, आता सेफ्टी व्हॉल्व्ह आणू नका म्हणजे मिळवली. नाही आणत. चुकलं.

तुला माझी 1987 ची झोनलची मॅच माहीत आहे, पण अर्धीच. कोल्हापूरला होती. मी बारावा खेळाडू, पाच फाउल होऊन दोघं बाहेर गेले म्हणून आत आलो. शेवटी आम्ही एकाने मागे आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही रिंगला लागून बाहेर. एवढंच सांगत आलोय तुम्हाला, हसवायला. आप्पा आले होते त्या दिवशी, हे सांगितलं नाही. शेतातून तसेच एस.टी. पकडून आले होते, पायाला चिखल. मॅच संपल्यावर मला घेऊन स्टँडवर आले, दोघांना उसाचा रस सांगितला, माझ्या ग्लासात बर्फ नको म्हणाले, घसा धरतो म्हणून. घरापर्यंत मॅचचा विषय नाही. आप्पा काही बोलले नाहीत आणि मला ते पुरलं.

आणि मी? बारावीला तुला फिजिक्समध्ये 61 पडले तेव्हा मीही बोललो नव्हतो. नऊ दिवस. तू ताट घेऊन आत जाऊन जेवायचास. मी तेव्हा स्वतःला आप्पांसारखा समजत होतो. काय डोंबलाचा आप्पांसारखा. परवा पल्लवीचा फोन ठेवला आणि पहिल्यांदा ते नऊ दिवसच डोळ्यापुढे आले. पोरगं का बोललं नाही हे मला कुणी सांगायला नको.

जानेवारीत टीव्हीवर तिकडे शिकणाऱ्या त्या मुलाच्या मृत्यूची बातमी लागली होती. आईने तेव्हापासून फोन उशाशी घ्यायला सुरुवात केली, मी हसलो होतो. आता मीही घेतो. तुला घाबरवायला लिहीत नाही. तू तसला नाहीस, मला माहीत आहे. पण फोन उचलत जा. नाहीतर नुसता अंगठा पाठव. मध्यरात्री पाठवलास तरी चालेल, आमची इथे सकाळ असते.

परीक्षा दुसऱ्यांदा देता येते असं पल्लवी म्हणाली. दे. द्यायची नसेल तर तेही सांग. परत यायचं म्हणालास तर तिकिटाचे पैसे आहेत, काकांच्या त्या प्रकरणातले सुटलेत. हे मी मनापासून लिहितोय हे तुला खरं वाटणार नाही, म्हणून आईची सही खाली घेतली आहे.

भडंग आणि बेदाणे परबांच्या मुलीबरोबर पाठवतोय, ती मे महिन्यात शिकागोला येतेय. तुमच्या टीमचा काळा-सोनेरी टी-शर्ट मी आज पाडव्याला घातला होता, आजी म्हणाली सणाला काळं कशाला. पोस्टाला पंधरा-वीस दिवस लागतील, म्हणून या कागदाचे फोटो काढून पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर विचार.

आता मॅच नाहीत नोव्हेंबरपर्यंत. रविवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तुझ्या सकाळी दहाला, मी गच्चीवर बसलेला असेन. बोलायला काही नसलं तरी लाव. मी माझ्याकडचं सांगेन, बॉयलरच्या नळ्या साफ करायला काढल्यात, आत कसली खपली निघाली ते.

तुझा
बाबा

(सोबत आईची सही. ती म्हणते, जेवतोस का ते आधी लिही.)