डोळे दुखले की निवले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घाटात रात्रभर अडकलेल्या प्रवाशांची बातमी आपल्या अंकात वाचली. पहाटे धुक्यातून लाल एसटी वर येताना दिसली, तेव्हा एक आजी म्हणाल्या म्हणे, 'ते दृश्य डोळ्यांना त्रासदायक होते.' चहाचा कप हातातच राहिला. मूळ इंग्रजी बातमी शोधून काढली, तर तिथे 'अ साइट फॉर सोअर आइज'. म्हणजे आजींचे मराठी बोलणे इंग्रजीत गेले आणि परत येताना उलटे होऊन आले!

या वाक्प्रचारात दृश्याने डोळे दुखत नाहीत. दुखऱ्या डोळ्यांना त्याने आराम पडतो. इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्टने १७३८ साली छापलेल्या संवादांत 'तुमचे दर्शन दुखऱ्या डोळ्यांना गुणकारी' अशा अर्थाचे वाक्य आहे. आजच्या रूपात तो 'गुणकारी' उरलेला नाही, त्यामुळे घाईत भाषांतर करणाऱ्याला नुसते दुखणे दिसते. त्यात 'आयसोअर' हा शब्द शेजारीच बसलेला. तो कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगाला लावतात, जो खरोखरच डोळ्यांत खुपतो.

इंग्रजीत लिहिणारेही घसरतात. माझ्या भाच्याने कचेरीच्या मेलमध्ये हाच प्रयोग केला, पण 'साइट'चे स्पेलिंग घातले बांधकामाच्या साइटचे. संगणकाने लाल रेघ ओढली नाही, कारण शब्द म्हणून तोही बरोबरच. 'सोअर'च्या जागी घारीच्या भरारीचा 'सोअर' लिहिणारेही पाहिले आहेत. देवनागरीत सगळे सारखेच दिसते, म्हणून आपली झाकली मूठ.

आणखी एक. दिसेल त्या सुंदर देखाव्याला हा प्रयोग चिकटवू नये. आधी वाट पाहणे हवे, शिणवटा हवा, मग ते माणूस किंवा ती वस्तू दिसायला हवी.

मराठीत 'डोळे निवले' आहे. 'डोळ्यांचे पारणे फिटले'ही आहे. त्यात डोळे आजारी नसून उपाशी असतात. पण पारणे फिटते ते पालखीसोहळ्याने, एसटीने नव्हे. आमच्या भागातली आजी त्या पहाटे बहुधा एवढेच म्हणाली असेल, 'गाडी दिसली आन् जिवात जीव आला.' तेच छापायचे होते.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा