कॅटरॅक्टमधला धबधबा

मा. संपादक,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला डोळ्यांवरचा लेख चांगला होता. पण त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘कॅटरॅक्ट’. ‘मोतीबिंदू’ एकदाही नाही. लेख आईला वाचून दाखवताना मीच प्रत्येक ठिकाणी शब्द बदलत गेलो.

गेल्या महिन्यात तिच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. केसपेपरवरचा हा शब्द मुलाने कोशात पाहिला, तर अर्थ निघाला धबधबा! आई राधानगरीकडची. म्हणाली, “माझ्या डोळ्यात कुठला धबधबा? राऊतवाडीचा व्हय?”

मग मीही खोदत बसलो. डोक्यातून दूषित द्रव खाली उतरतो आणि बाहुलीमागे साकळतो, अशी ग्रीक वैद्यांची समजूत होती. अरबी हकीम त्याला ‘पाणी उतरणे’ म्हणत. अकराव्या शतकात इटलीतल्या मोन्ते कासिनोच्या मठात कॉन्स्टंटाइन आफ्रिकानस या साधूने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले आणि या पाण्यासाठी ‘कॅटारॅक्टा’ शब्द वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वरून कोसळणारा. धबधब्याला तो चालतो, तसाच किल्ल्याच्या वेशीत वरून सोडायच्या जाळीदार दरवाजालाही. इंग्रजीतले दुखण्याचे नाव या दरवाजावरून आले, असेही काहीजण मानतात. नजरेआड दरवाजा पडला, ही कल्पना मला तरी जास्त पटते.

गंमत म्हणजे डोळ्यात पाणी कधी उतरलेच नव्हते. 1705 मध्ये फ्रान्समधल्या ब्रिसो नावाच्या डॉक्टरने एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला, तेव्हा खुद्द भिंगच गढूळ झालेले निघाले. समजूत गेली, शब्द मात्र चिकटून राहिला.

आपल्या शब्दाला असली भानगड नाही. पिकलेल्या डोळ्यावर बॅटरी मारा, बाहुलीत करडा-पांढरा ठिपका चमकतो. आईच्या डोळ्यात तो मी पाहिला आहे. ज्याने प्रथम त्याला मोती म्हटले, त्यानेही असाच जवळून पाहिला असणार.

तेव्हा पुढच्या वेळी मथळ्यात ‘मोतीबिंदू’ छापा. कंसात कॅटरॅक्ट घातलेत तरी तक्रार नाही. आई आता स्वतः पेपर वाचते. पट्टी सोडल्यावर तिने आधी घरातली भिंत न्याहाळली आणि विचारले, “ही पांढरी हाय व्हय? मला वाटलं, तू पिवळा रंग दिलास.”

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर