सही करण्याआधी नळ सोडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चाकांवरच्या घराविषयीचा लेख वाचला. फोटो झकास होते. पण डोंगरापाशी पोहोचण्याआधी एक दिवस असतो, नवा कॅम्पिंग ट्रेलर ताब्यात घेण्याचा, आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नव्हते. आम्ही तो दिवस नुकताच काढला, म्हणून हे पत्र.

मी ३४ वर्षे परिचारिका होते. ड्यूटी बदलताना चार्ज घ्यायचा तो खाटेपाशी जाऊन, नुसता केसपेपर वाचून नव्हे, अशी आम्हाला शिस्त होती. कागदावर सलाईन चालू असते, आणि जाऊन बघावे तर हात सुजलेला. ट्रेलर आणायला गेलो तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने पेन पुढे केले. ‘सगळं तपासलंय मॅडम, इथे, इथे आणि इथे सही.’ यजमानांनी चष्मा लावलासुद्धा. मी म्हटले, आधी टाकीत पाणी भरा.

त्याचा चेहरा पडला. वेळ लागेल म्हणाला. लागू दे. अर्ध्या तासाने पंप सुरू झाला, नळाला धार आली, सगळे खूश. मी सिंकखालचे कपाट उघडून फतकल मारून बसले. पाच मिनिटे काहीच नाही. मग गरम पाण्याच्या नळीच्या जोडावर एक थेंब जमला, फुगला, पडला. त्याच्या जागी दुसरा. सलाईनचे थेंब मोजण्यात हयात गेली, त्यामुळे आपसूक घड्याळाकडे नजर गेली: मिनिटाला १२. जोडाचा नट हाताने फिरत होता. त्याने तो आवळला आणि गळती थांबली. एवढेच काम. पण हेच पाणी तळाच्या प्लायवूडमध्ये महिना-दोन महिने मुरले असते तर जमीन फुगली असती, आणि ‘सर्व ठीक’च्या खाली सही आमची असती.

त्याच माणसाने नंतर, बहुधा ओशाळून, एक चांगली गोष्ट सांगितली. सगळे नळ बंद केले की पंप गप्प बसला पाहिजे. कोणी पाणी न वापरता तो मध्येच घुरघुरला, तर समजायचे की कुठेतरी दाब कमी होतोय. हे मला फार आवडले. पेशंट रात्री कण्हला की उठून बघायचे, तसेच.

मग मी पदर खोचलाच. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र इतके खाली, पायाशी का बसवले, असे यजमानांनी विचारले. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून. गीझरची टाकी भरून गरम नळातून हवेचे फुरफुरणे थांबेपर्यंत विजेचे बटण दाबू दिले नाही. कोरड्या टाकीत कॉइल बघता बघता जळते.

घरी आणल्यावर मांडण्याचा क्रम आम्ही पहिल्यांदा चुकवलाच. यजमानांनी आल्या आल्या ट्रेलर गाडीपासून सोडवायला घेतला. आधी डावी-उजवी बाजू समतल करायची, खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून, कारण त्यासाठी ट्रेलर पुढे-मागे ओढायला गाडी लागते. मग चाकांना दोन्हीकडून पाचरी, मग गाडी सोडवायची, मग पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी. कोपऱ्यांतले चार पाय सगळ्यात शेवटी आणि फक्त टेकवायचे. त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेलात तर सांगाडा पिळवटतो.

पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणण्यावर मी इतकी का अडते, तर फ्रिजमुळे. आमचा फ्रिज गॅसवरही चालतो. ही रचना १९२२ मध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी शोधली. त्यात कॉम्प्रेसर नाही. उष्णता देऊन अमोनिया फिरवायचा आणि तो स्वतःच्या वजनाने खाली वाहत परत यायचा. ट्रेलर कलता राहिला तर तो मध्येच अडतो आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. थंड व्हायलाही याला कित्येक तास लागतात, तेव्हा आदल्या दिवशीच सुरू करावा.

वजनाचे मात्र यजमानांचे खाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वाढले. जड सामान मागे ठेवले की गाडीला जोडणाऱ्या हुकवरचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. हुकवर किती भार हवा ते पुस्तिकेत दिलेले असते. ते वाचायला मी त्यांना बसवले. नव्या चाकांचे नट पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळायचे, हे मात्र त्यांना आधीच माहीत होते.

तेव्हा विनंती अशी की अशा लेखांसोबत ताबा घेण्याविषयी एक चौकट छापावी. आणि विक्रेत्यांनी पाणी, वीज व गॅस तिन्ही जोडून, सगळे चालवून दाखवल्याखेरीज सही मागू नये. त्यासाठी दोन-तीन तास जातात, ते जाऊ द्यावेत.

पहिली रात्र आम्ही दारातच, ट्रेलरमध्ये काढली. काही विसरले तर घर चार पावलांवर. रात्री दोनला पंप घुरघुरला. मी टॉर्च घेऊन उठले, सगळे जोड कोरडे ठणठणीत. शॉवरचा नळ नीट बंद केलेला नव्हता. शेवटी आंघोळ कोणी केली होती, ते इथे लिहीत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका