गॅस ग्रिलसोबत पाठवलेलं रिफिल अडॅप्टर आणि कॅनवर झाकलेल्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी कॅम्पिंगचं गॅस ग्रिल आणि सोबत ब्युटेनच्या कॅनचा संच मागवला. बिलाची प्रत जोडली आहे. ग्रिलबद्दल माझं काही म्हणणं नाही. जाळी जाड आहे, ज्योत सगळीकडे सारखी लागते, भंडारदऱ्याला कणसं आणि भरताची वांगी छान भाजली गेली. तक्रार आहे ती खोक्यात न मागता आलेल्या पितळी तुकड्याबद्दल.

हा तुकडा म्हणजे रिफिल अडॅप्टर, म्हणजे मोठ्या सिलिंडरमधला गॅस रिकाम्या कॅनमध्ये भरायची जोडणी. या मापाचे कॅन आमच्याकडे नाशिकमध्ये दुकानात सहजी मिळत नाहीत, म्हणून संपल्यावर काय करायचं हे विचारायला मी तुमच्या हेल्पलाइनवर फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, घरच्या सिलिंडरवरून भरून घ्या ना. कॅन आधी थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा, पटकन भरतो. सगळेच भरतात."

सगळेच भरतात, हे खरं असेलही. पण विकणाऱ्याने ते सांगावं? घरगुती सिलिंडरमध्ये नुसतं ब्युटेन नसतं, त्यात प्रोपेनही मिसळलेलं असतं. ब्युटेन शून्याच्या जरासं खाली उकळतं, प्रोपेन उणे ४२ अंशांना. त्यामुळे एकाच तापमानाला प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या जवळपास चौपट असतो. तुमचा कॅन पातळ पत्र्याचा, ब्युटेनच्या दाबाचा हिशेब धरून बनवलेला आणि एकदाच वापरायचा. त्यात हे मिश्रण भरायचं, तेही किती गेलं हे न मोजता! कारखान्यात भरताना कॅनमध्ये वर थोडी जागा मोकळी ठेवतात, कारण तापलं की द्रव फुगतो. अडॅप्टरला ते काय कळणार? काठोकाठ भरलेला कॅन थंड असताना गुण्यागोविंदाने राहतो आणि उन्हात ठेवला की फाटू शकतो. फ्रीजरचा सल्ला तर कहर आहे. वॉल्व्ह जरासा जरी गळला, तर बंद कप्प्यात गॅस साठणार आणि फ्रीजच्या एखाद्या बटणाची ठिणगी त्याला पुरेल. शिवाय घरगुती सिलिंडरमधला गॅस असा दुसऱ्या भांड्यात काढणं बेकायदा आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आता कॅनबद्दल. त्यावर तुमचा किमतीचा आणि आयातदाराच्या पत्त्याचा स्टिकर आहे. तो लावणं कायद्याने भाग आहे, मान्य. पण नखाने उचकटून पाहिला तर खाली मूळ उत्पादकाची सूचना निघाली: पुन्हा भरू नका, ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका, तंबूत किंवा बंद खोलीत वापरू नका. कॅनच्या मागच्या बाजूला चांगली चार बोटं जागा रिकामी होती, तरी स्टिकर नेमका इथेच आला. संचातला प्रत्येक कॅन मी तपासला, सगळ्यांची तीच तऱ्हा.

आणि संकेतस्थळावरचा फोटो? गाडीच्या डिकीत कॅनची चळत, वर रणरणतं ऊन, खाली मजकूर: "कायम गाडीत ठेवा. ट्रेन, विमान, कुठेही न्या." एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद गाडी ५० अंश सहज ओलांडते. विमानात हे कॅन हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि सामानातही नाहीत. रेल्वेत असा गॅस नेणं १९८९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत यात्रेकरूंच्या डब्याला आग लागून नऊ माणसं गेली. डब्यात गॅस सिलिंडर नेलेला होता. तुमची जाहिरात लिहिणाऱ्याला ही बातमी जरूर वाचायला द्या. (हे कॅन माझ्याकडे आले तेही साध्या कुरिअरने, कपड्यांच्या पार्सलांत. त्याची वेगळी चौकशी करा.)

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. अडॅप्टर विक्रीतून काढा आणि ज्यांना तो गेला आहे त्या सर्व ग्राहकांना वापरू नका म्हणून लेखी कळवा. स्टिकर मागच्या बाजूला लावा आणि सूचना मराठीत व हिंदीत वाचता येतील अशा छापा. फोटो आणि तो मजकूर आजच काढा. उरलेल्या कॅनचे पैसे परत करा. ते मी कुरिअरने पाठवणार नाही, तुमचा माणूस येऊन घेऊन जाईल. तोवर ते गच्चीच्या जिन्याखाली, सावलीत आणि मोकळ्या हवेत, टोपण लावून उभे ठेवले आहेत. घरात नाहीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचून राहतो.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि स्टिकरखालच्या सूचनेचे फोटो व अडॅप्टर नागपूरला, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या मुख्यालयात पाठवेन.

आपली ग्राहक,
(सही)
नाशिक

सोबत: बिलाची प्रत, कॅनचे स्टिकरसह व स्टिकरविना फोटो, संकेतस्थळावरील जाहिरातीची छापील प्रत