फुटलेलं हेल्मेट हातात घेऊन समजावणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

सायकलच्या अपघातात मोडलेल्या मुलाच्या कॉलरबोनवर तुम्ही उपचार केलेत, त्याबद्दल आभार तेव्हाच मानले होते. त्यानंतर तुम्ही जे बोललात, त्यासाठी हे पत्र.

डोक्याला मार नाही, असं तुम्ही तपासून सांगितलंत आणि माझ्या तोंडून निघालं, "हेल्मेटनं वाचवलं." अपघात विभागात एवढी गर्दी असताना नुसती मान डोलावून तुम्हाला पुढच्या पेशंटकडे जाता आलं असतं. तुम्ही हेल्मेट मागून घेतलंत, उलटं केलंत आणि कानाच्या वरच्या बाजूला, आतल्या थर्माकोलवरून मला बोट फिरवायला लावलंत. एका जागी तो चेपून कडक झाला होता आणि तिथूनच एक बारीक चीर बाहेरच्या कवचापर्यंत गेली होती. तुम्ही म्हणालात, हा चिरडण्यासाठीच असतो. तो चिरडेपर्यंत डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात, मार जास्त जागेवर विभागला जातो आणि कवटीपर्यंत पोचणारा जोर उतरतो. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, तेव्हा हे हेल्मेट आता बाद.

आणि मग म्हणालात, "हेल्मेट नसतं तर याचं काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. एकट्या माणसाबद्दल ते कुणालाच सांगता येत नाही. हजारोंबद्दल सांगता येतं."

आईला असल्या वेळी ठाम दिलासा हवा असतो. तरीही तुमच्या या बोलण्यानं मला जास्त धीर आला, कारण त्यात फुगवलेलं काही नव्हतं. त्या हजारोंबद्दल मग मी वाचलं. जेक ऑलिव्हिअर आणि प्रुडन्स क्रेइटन या संशोधकांनी २०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र करून ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती पडताळली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या दुखापतीची शक्यता ५१ टक्क्यांनी कमी, गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी, तर डोक्याच्या जीवघेण्या दुखापतीची ६५ टक्क्यांनी कमी दिसली. चेहऱ्याचा बचाव त्यामानानं थोडा, ३३ टक्के. हेल्मेटमुळे मान जास्त दुखावते, अशी भीती मी अनेकदा ऐकली होती. तसा संबंध त्यात आढळला नाही. १९८९ च्या सिएटलमधल्या गाजलेल्या अभ्यासात तर डोक्याच्या दुखापतीबाबत ८५ टक्के घट दिसली होती आणि लोक अजून तोच आकडा सांगतात. मला ५१ वरच जास्त भरवसा वाटतो. तो वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या पद्धतीनं पडलेल्या माणसांतून आलेला आहे. आणि निम्म्यानं कमी म्हणजे काय थोडं झालं!

हेल्मेट घालणारे मुळातच जपून चालवतात, म्हणून आकडे चांगले दिसतात, हा आक्षेप मी तुमच्यापुढे मांडला होता. तुम्ही तो झटकून टाकला नाहीत. असल्या बऱ्याच अभ्यासांत तुलना पडलेल्यांची पडलेल्यांशीच होते, कुणाच्या डोक्याला लागलं आणि कुणाच्या फक्त हातापायाला, हे पाहिलं जातं, असं समजावलंत; आणि तरीही थोडी शंका उरतेच, हेही मान्य केलंत.

मर्यादाही सांगितल्यात. युरोपच्या मानकानुसार हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर आपटून तपासतात, म्हणजे आपटतानाचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत. भरधाव गाडीची धडक त्या चाचणीच्या कितीतरी पुढची. तिथे रस्ता नीट हवा, गाड्यांचा वेग आवरायला हवा; सगळा भार सायकलवाल्याच्या डोक्यावर टाकून भागणार नाही. तुमच्या तोंडून हे ऐकलं याचं मला फार मोल वाटतं.

जाता जाता तुम्ही धाकटीचंही हेल्मेट पाहिलंत. ते मागे सरकून कपाळ उघडं पडत होतं. तुम्ही ते भुवयांच्या वर दोन बोटांवर आणलंत, पट्टे कानाखाली जुळवलेत, हनुवटीखाली जेमतेम बोट जाईल इतकं आवळलंत आणि तिला मोठ्ठा आ करायला लावलात. आ केला की हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं जायला हवं. आता निघण्याआधी ती स्वतःच आ करून बघते आणि भावालाही करायला लावते. त्याचं नवं हेल्मेट आलं आहे. खांदा दाखवायला येऊ तेव्हा बसवणी एकदा तुमच्या नजरेखालून घालू.

आपली ऋणी,
एका सायकलस्वाराची आई