बटण ७ वर नको रे

परभणी,
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू विचारलंस, "आईच्या फ्रीजचं बटण कितीवर ठेवू?" आणि मी झोपेतच "तीनवर" म्हणून मोकळा झालो. मग झोप उडाली ती उडालीच. काकू जिंतूरला एकट्या, तू एरवी पुण्यात, अन् त्या एवढ्याशा फ्रीजात दुधाशेजारी त्यांचं इन्सुलिन. म्हणून लिहायला बसलो. आधी माझा गाढवपणा ऐक.

मागच्या मेमध्ये पारा ४३ वर गेला. जगात जर्मनी, भारतात परभणी. उन्हाच्या बाबतीत तर शंकाच नको. बटणावर १ ते ७ आकडे. मी सरळ ७ वर फिरवलं. आठ दिवसांत काकड्या काचेसारख्या झाल्या, कोथिंबीर काळी पडली. मायच्या इन्सुलिनची बाटली नेमकी फ्रीजरखालच्या जाळीवर होती, ती गोठली. माय म्हणे, "वितळलं की झालं, फेकायलास काहून?" मेडिकलवाल्याने मात्र 'गोठलं' एवढं ऐकूनच फेका म्हणून सांगितलं. वितळल्यावर ते कधी कधी पहिल्यासारखंच दिसतं, पण त्याचा भरवसा उरत नाही. त्या बाटलीची किंमत मायने मला पोळ्यापर्यंत ऐकवली.

तर ते आकडे म्हणजे अंश नव्हेत. आकडा मोठा तितका गारवा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. ७ वर कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, फ्रीजरला बर्फ चढत जातो, आणि पुढं तो जाड बर्फच गोधडीसारखा गारवा अडवून धरतो. बोटाच्या निम्म्याएवढा थर दिसला की डिफ्रॉस्टचं बटण दाबायचं. सुरीने खरवडू नको, गॅसची नळी फुटली तर फ्रीजच गेला.

आता खरं काम. मधल्या फळीवर पेलाभर पाणी ठेव, त्यात फ्रीजचा थर्मामीटर बुडव आणि सकाळी बघ. (तापाचा चालत नाही. मायने तोच आणून दिला होता, त्याचे आकडे ३५ पासून सुरू!) पाणी ४-५ अंशांवर हवं. इन्सुलिनला २ ते ८ लागतं, म्हणजे दुधाचं आणि इन्सुलिनचं, दोघांचंही भागतं. कमीजास्त वाटलं तर एकच आकडा फिरव आणि पूर्ण दिवस थांब. लगेच फिरवत बसलास तर काहीच कळणार नाही. आमच्याकडं सध्या ४ आहे, तुझ्याकडं ३ लागेल की ५, ते पाणीच सांगेल.

बाटली फ्रीजरपासून लांब, मागच्या भिंतीला न टेकता ठेवायला सांग. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भर. लाईट गेली की त्यांचाच आधार, फक्त दार उघडू नका म्हणावं. फ्रीज भिंतीला चिकटवलास का? चिकटवला असशील. चार बोटं पुढं ओढ. गरम वरणाचं पातेलं आत सरकवायची काकूंची सवय मला माहीतय, ते तू सांग, माझं ऐकणार नाहीत.

परवापर्यंत पेल्यातला आकडा कळव. आणि हुरड्याला येशील तेव्हा पेला परत ठेवून बघ. थंडीत आमचं २ वर भागतं.

तुझाच,
जुना रूम पार्टनर