ओजेटी, अणू आणि लासलगावचा कांदा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०४७ पर्यंत देशाची अणुवीज क्षमता १०० गिगावॉटवर न्यायची, असे केंद्र सरकारने ठरवले आहे. आज आपण नऊच्या आसपास आहोत. २०२५च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटींची घोषणा झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले करणारा कायदाही संसदेने केला. भट्ट्या कोण बांधणार, अपघात झालाच तर भरपाई कोण देणार, यावर पुष्कळ लिहून आले. त्या भट्ट्या चालवणारी पोरे शिकणार कुठे, हे मात्र कोणी विचारलेले दिसले नाही. मी तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून विचारतो.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटची ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) सक्तीची झाली. म्हणजे १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचे. कल्पना उत्तम. पण होते काय, ते कुठल्याही विभागप्रमुखाला खासगीत विचारा. मुले ओळखीच्या संगणक क्लासमध्ये नाव घालतात आणि महिन्याने शिक्क्याचा कागद आणतात. सोलर पॅनलच्या दुकानात बिले फाडून आलेल्या मुलाला मी स्वतः चारही क्रेडिट दिले आहेत. दुसरे काय करणार होतो?

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने हट्ट धरला की करीन तर न्यूक्लिअरमध्येच. एका नामांकित संस्थेकडे अर्ज गेला. बोनाफाइड, प्राचार्यांचे पत्र, पोलीस पडताळणी, मग पुन्हा एक फॉर्म. होकार आला तेव्हा आमची सत्र परीक्षा सुरू झाली होती. तरी जायला ती तयार होती. अडले ते राहण्यावर. विद्यावेतन नाही, वसतिगृह नाही आणि मुंबईत नातेवाईक नाही. आईने कानातले मोडायची तयारी दाखवली, तेव्हा मुलीनेच 'नको सर' म्हटले.

सुरक्षेचे कारण मला मान्य आहे. तुर्भ्याचे (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणजे काही एसटी स्टँड नव्हे, की कोणीही यावे आणि बसावे. गुणी मुलांसाठी वाटा आहेत, हेही खरे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा 'नियस' उपक्रम आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) उन्हाळी उपक्रम आहे, आणि पदवीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचे ट्रेनिंग स्कूल आहेच. ते स्कूल सुरू झाले १९५७ साली, म्हणजे देशातली पहिली अणुभट्टी अप्सरा कार्यान्वित झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. तारापूरच्या अणुवीज केंद्राची वीज यायला त्यानंतर बारा वर्षे लागली. आधी माणसे, मग वीज, असा तो क्रम होता. आता वीज दसपट करायची घोषणा आधी झाली आहे. आणि वर सांगितलेल्या वाटांवर जागा मोजक्या. त्या चाळणीतून आमच्या वर्गातले एखादे पोर निघते, तेही एखाद्या वर्षी.

माझे म्हणणे आहे ते उरलेल्यांबद्दल. अणुविज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घुमट आणि काटेरी कुंपण येते. पण आमच्या महाविद्यालयापासून अर्ध्या तासावर, लासलगावला, अणुऊर्जा विभागाने उभारलेले विकिरण केंद्र वीस वर्षांहून जास्त काळ आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तिथे त्याला कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची मात्रा देतात, साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक). (कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही. हे दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी कोणाचा तरी बाप विचारतोच.) आता गंमत अशी की कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे दर महिन्याला एखादा टक्का उतरतो. मग तोच क्रेट किरणांपुढे आधीपेक्षा किती जास्त वेळ ठेवायचा? क्रेटच्या कडेच्या कांद्याला आणि मधल्या कांद्याला मिळणाऱ्या मात्रेत फरक किती पडतो? यावर १२० तास आरामात निघतात, शिवाय बी-एस्सीच्या पुस्तकातला घातांकी क्षय एकदाचा डोक्यात शिरतो. त्या केंद्राच्या दारावरून एसटीने रोज कॉलेजला येणारी मुले आहेत.

नाशिकच्या कर्करोग रुग्णालयांत रेडिओथेरपीची यंत्रे आहेत आणि रुग्णाला किती मात्रा बसणार याचा हिशोब करणारे मेडिकल फिजिसिस्ट आहेत. एमआयडीसीत वेल्डिंगचे जोड गॅमा किरणांनी तपासतात. तिथल्या कामगाराच्या छातीवरचा, अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज कसा वाचतात, हे आमच्या मुलांना फक्त आकृतीतून माहीत. स्रोताला हात लावू द्या असे कोणी म्हणत नाही. मोजमाप, नोंदी, हिशोब एवढे शिकवले तरी पुष्कळ.

काहीच जमले नाही तेव्हा एका मुलाला मी प्रयोगशाळेतच बसवले. आमचा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारे यंत्र, जुना, रिकामा ठेवला तरी मिनिटाला वीस-बावीस ठोके मोजणारा. पोराने मेडिकलमधून रक्तदाबवाल्यांचे 'लो सोडियम' मीठ आणले आणि बशीत घालून नळीखाली सरकवले. आकडा चाळिशीपार गेला. त्यातल्या, निसर्गतःच किंचित किरणोत्सारी असलेल्या पोटॅशियमचा प्रताप. नंतर तीन आठवडे त्याला प्रयोगशाळेतून हुसकून काढावे लागत होते.

विद्यापीठाने अणुऊर्जा विभागाशी एकच सामायिक करार करावा, म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाला पत्रांची वारी नको. पडताळणी सत्र सुरू होण्याआधी, जूनमध्येच उरकावी. मे महिन्यात विद्यापीठांची वसतिगृहे ओस पडलेली असतात, त्यातल्या खोल्या या मुलांना द्याव्यात. आणि खासगी कंपन्या या क्षेत्रात येतच आहेत, तर परवान्याच्या अटींमध्ये आसपासच्या महाविद्यालयांतील मुलांसाठी विद्यावेतनासह काही जागा ठेवायला हरकत काय आहे?

या सत्राची ओजेटीची यादी परीक्षा विभागाने २० तारखेपर्यंत मागितली आहे. वर्गात बारा मुले आहेत. सात नावांपुढचा रकाना अजून कोरा आहे.

— भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक, ता. निफाड, जि. नाशिक